विंगेटची साखळी आणि आपला गुंठा

एका श्रोत्याने विचारलं होतं, की सातबाऱ्यावर 'आकारणी' म्हणून जो किरकोळ आकडा असतो, तो येतो कुठून? त्याचा माग काढताना जॉर्ज विंगेट भेटला. म्हणून आज तो.

आधी प्रिंगलची गोष्ट. रॉबर्ट प्रिंगल हेलिबरी कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेला. 1820 च्या दशकात त्याने पुणे जिल्ह्यात दर शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या 55 टक्के सारा ठरवायला घेतला. कागदावर एकदम चोख! पण मोजणी चुकलेली, आकडे लाच खाऊन फिरवलेले. लोक गावं सोडून चालले. आमच्या भाषेत, डिझाइन भारी, इनपुट कचरा.

1835 मध्ये इंदापूरला गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि बॉम्बे इंजिनिअर्सचा लेफ्टनंट विंगेट कामाला लागले. दोघंही पंचविशीच्या आतले. उत्पन्नाचा हिशोब त्यांनी सोडूनच दिला. मातीचा रंग, पोत, खोली बघायची. चुनखडी, वाळू, उतार असेल तर प्रत खाली. एकूण नऊ प्रती, सगळ्यात चांगली जमीन 16 आणे. सारा कमी, आणि 30 वर्षं बदलायचा नाही. पडीक रानं पुन्हा लागवडीखाली आली. 1847 च्या संयुक्त अहवालाने हीच रीत मुंबई इलाख्यात पक्की केली. सर्व्हे नंबर, आकारणी, 33 फूट बाय 33 फुटांचा गुंठा, हे सगळं त्याच मोजणीच्या परंपरेतलं. इथे तळवड्यात आयटी पार्कच्या मागे प्लॉटचा भाव आजही गुंठ्यावरच बोलतात.

पण प्रत्येक नंबराला एक खातेदार आणि ठरलेला सारा मिळाला, तशी जमीन चांगलं तारण झाली. सावकार कर्ज देऊ लागले आणि कोर्टातून हुकूमनामे आणू लागले. हे विंगेटलाच दिसलं. 1852 मध्ये त्याने सरकारला स्पष्ट लिहिलं, की आपले कायदे कुणब्याला सावकाराच्या हाती देताहेत. मला तो इथे आवडतो. आपलीच सिस्टीम चालतेय म्हणून खूश होऊन बसला नाही. 1859 मध्ये तर त्याने पुस्तिका काढून हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या पैशावर टीका केली. दादाभाई नौरोजींनी पुढे तिचा आधार घेतला.

आमच्या घरी सध्या असाच सामायिक सातबारा टेबलावर आहे. काकांना विकायचंय, बाबांना नाही. कागद एकदम स्वच्छ आहे, म्हणूनच गिऱ्हाईक दारात उभं आहे.

असो. 30 वर्षं संपल्यावर इंदापूरचा सारा निम्म्याहून जास्त वाढला. मे 1875 मध्ये सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. शेतकऱ्याला संरक्षण देणारा कायदा व्हायला 1879 उजाडलं. विंगेटच्या पत्रानंतर 27 वर्षं. तो कायदा पुढच्या भागात.