संगणकाला ताप येतो तेव्हा



मी बी. ए., बी. एड. झालेला मराठीचा शिक्षक. संगणकावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? पण गेल्या मे महिन्यातील एका प्रसंगाने मला हा विषय शिकणे भाग पाडले.

माझ्या एका विद्यार्थ्याचा जुना संगणक सुरू होई आणि वीस मिनिटांत आपोआप बंद पडे. ‘प्रोसेसर जळाला, नवा बसवा,’ असे एका दुकानदाराने सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून वडिलांनी संगणक विकायचे ठरविले. मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. मला एकच प्रश्न पडला : जळालेला प्रोसेसर रोज वीस मिनिटे काम कसा करील?

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. तो जी वीज घेतो, ती जवळजवळ सारी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी त्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा बसविलेला असतो.

माणसाचे तापमान साधारण 37 अंश सेल्सिअस. प्रोसेसरचे तसे एकच तापमान नसते. काम नसताना 35 ते 50 अंश आणि जड काम करताना 60 ते 85 अंश, हे सामान्यतः चालते. आजच्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा 95 ते 100 अंशांच्या आसपास असते. नेमका आकडा निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहावा. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. तरीही भागले नाही, तर संगणक बंद पडतो. म्हणजे तो बिघडत नव्हता, स्वतःला वाचवीत होता!

आम्ही एका मोफत प्रोग्रॅमने तापमान पाहिले : 97 अंश. मग वीज तोडून खोका उघडला. पात्यांच्या फटींत धुळीची गादीच जमली होती. ब्रशने ती काढली, प्रोसेसर आणि ठोकळा यांमधील वाळलेला लेप पुसून नवा लावला. तेच काम करताना आकडा 72 वर आला. प्रोसेसर तोच, संगणक तोच.

खोलीच्या उष्म्याचेही गणित ध्यानात घ्या. बाकी सारे तेच ठेवून खोली 10 अंशांनी तापली, तर प्रोसेसरही साधारण तितकाच अधिक तापतो. म्हणूनच हिवाळ्यात निमूट चालणारा संगणक मे महिन्यात कुरकुरतो. आपल्याच नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे येथे मोठमोठी डेटा सेंटर आहेत. अशा ठिकाणी यंत्रांत शिरणारी हवा 18 ते 27 अंशांत ठेवावी, अशी ‘आश्रे’ या संस्थेची शिफारस आहे. तेथे त्यासाठी अवाढव्य यंत्रणा लागते. आपल्याला घरी एक ब्रश आणि थोडी मोकळी हवा पुरते.

विद्यार्थी मित्रहो, लॅपटॉप गादीवर ठेवू नका. खालची हवेची छिद्रे बुजतात. तो टेबलावर किंवा लाकडी पाटावर ठेवा. आणि पालकहो, घामाचा पैसा खर्च करण्यापूर्वी विचारा, ‘तापमान किती आहे? धूळ काढली का?’ ताप आला म्हणून आपण रोग्याची आशा सोडत नाही; आधी थर्मामीटर लावतो. यंत्राच्या बाबतीतही तेच करावे.

तो मुलगा यंदा दहावीत आहे. त्याच संगणकावर अभ्यास करतो आणि दर दोन महिन्यांनी धूळ स्वतः काढतो.