माळ्यावरची धोकटी
(श्रीसंत सेना महाराज पुण्यतिथीच्या कार्यक्रमात शेंदूरजनाघाट येथे केलेले भाषण)



श्रावण वद्य द्वादशी हा श्रीसंत सेना महाराजांचा पुण्यदिन. महाराजांनी आपल्या धंद्यातील आरसा व चिमटा यांनाच परमार्थाचा अर्थ दिला. त्या धंद्याची त्यांना लाज वाटली नाही. आम्हांस मात्र ती वाटली. आजच्या दिवशी वस्तऱ्याला घरी धार कशी लावावी हा विषय आम्ही का निवडला, याचे उत्तर त्या लाजेतच आहे.

आमचे तीर्थरूप धोकटी घेऊन घरोघर फिरत. मोबदला सुगीत ज्वारीच्या रूपाने मिळे, आणि तो मागावयास उभे राहणे आमच्या बालमनाला बोचे. आम्ही दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एक जुना वस्तरा हाती देऊन आम्हांस पथरीपुढे बसविले. धार लवकर यावी म्हणून आम्ही जोराने घासू लागलो आणि होती ती धारही घालविली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "जोर कायले लावतं बापू? वस्तऱ्याचं वजनच पुरते."

पुढे आम्ही मॅट्रिक झालो, शिक्षकाची नोकरी लागली, आणि कालांतराने धोकटी माळ्यावर गेली. तीर्थरूपांच्या पश्चात ती खाली काढली, तेव्हा आत दोन वस्तरे निघाले. एकाच्या धारेतच गंजाने खड्डे पाडले होते. तो गेला तो गेलाच. ज्या पोलादावर आमचे शिक्षण झाले, त्याला पावसाळ्यापूर्वी खोबरेल तेलाचे बोट लावण्याचेही आम्हां सुशिक्षितास सुचले नाही! दुसरा वस्तरा बचावला. त्याला धार लावताना जे नव्याने शिकावे लागले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम पथरी पाहावी. तीर्थरूपांची पथरी वर्षानुवर्षांच्या वापराने मधोमध खोलगट झाली होती. अशा पथरीवर कितीही घासले तरी धार सरळ बसत नाही. तिच्यावर शिसपेन्सिलीने उभ्याआडव्या रेघा माराव्यात, आणि जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ती पाण्याने घासावी. सर्व रेघा पुसल्या गेल्या म्हणजे पथरी सपाट झाली. नव्या पथऱ्यांवर हल्ली आकडे असतात. अगदी बोथट वस्तऱ्यासाठी १००० ची, नंतर ४००० ची व शेवटी ८००० ची पथरी घ्यावी. आकडा जितका मोठा, तितकी पथरी मऊ दाण्याची.

मग वस्तरा पथरीवर असा आडवा ठेवावा की पाठ व धार दोन्ही टेकतील. चाकूप्रमाणे पाठ उचलू नये. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवलेली असते, तिचे रहस्य येथेच आहे. त्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो. धार पुढे ठेवून वस्तरा न्यावा, शेवटास पाठीवर उलटवावा आणि दुसऱ्या बाजूने परत आणावा. पाते पथरीच्या रुंदीहून लांब असेल, तर ते किंचित तिरके न्यावे, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत सर्व भागास सारखी धार येते. पाणी कायम असावे. जोर मुळीच नसावा.

नंतर चामड्याचा पट्टा. येथे दिशा उलट होते. पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणून धरावा, कारण सैल पट्ट्यावर धार गोल होते. उलटविताना येथेही पाठच टेकलेली असावी. धार टेकली तर चामडे कापले जाते. पट्टा प्रत्येक दाढीपूर्वी. पथरी मात्र काही महिन्यांनी. काम झाल्यावर पाते कोरडे पुसून तेलाचा हात द्यावा.

एक सूचना आवश्यक आहे. एकाचा वस्तरा दुसऱ्यास लावू नये. 'ब' व 'क' प्रकारची कावीळ आणि एच.आय.व्ही. यांचा प्रसार रक्तातून होतो. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते वापरणे हेच योग्य होय. घरचा वस्तरा केवळ आपल्याच हनुवटीसाठी.

कोणी म्हणेल, मग या खटाटोपाचे प्रयोजन काय? अमेरिकेतील जिलेट यांनी १९०४ साली फेकून देण्याच्या पात्याचे पेटंट मिळविले, तेव्हाच धार लावण्याची गरज सरू लागली. हे खरे. आणि मुलांनी जुन्या बलुत्याकडे परतावे, असेही आम्ही म्हणत नाही; ते गेले हे बरेच झाले. परंतु बलुत्याचा अपमान वेगळा आणि हातातील विद्या वेगळी. आम्ही दोन्ही एकाच धोकटीत बांधून माळ्यावर टाकली, ही आमची चूक. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्याच बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. वस्तरा कोठे चालवू नये, हेही ज्यांस उमगले होते, त्यांच्या हत्याराची लाज आपण का बाळगावी?

आमच्या नातवास अद्याप मिसरूड फुटलेली नाही; पण गेल्या दिवाळीत तो पथरीपुढे बसला आणि जोराने घासू लागला. आमच्या तोंडून नकळत तेच शब्द निघाले, "जोर कायले लावतं बापू?"

आपल्याही घरी माळ्यावर एखादी धोकटी असेल. ती खाली काढावी, निदान तेलाचे एक बोट लावावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.