पाऊल कोणत्या बाजूला वाजले?

संगणकावरील नेमबाजीच्या खेळात एक क्षण असा येतो की डोळ्यांना काहीच दिसत नसते आणि सारा निर्णय कानांवर येऊन पडतो. भिंतीपलीकडे कोणीतरी चालत असते. ते पाऊल डावीकडे वाजले की उजवीकडे, समोर की पाठीमागे, हे ज्याला आधी कळते तो वाचतो. दुसरा मरतो आणि, खेळच असल्यामुळे, पुढची फेरी सुरू होईपर्यंत हात चोळीत बसतो. अशा पाचसहा फेऱ्या हरल्या की तरुण खेळाडूच्या मनात एक शंका डोकावू लागते. दोष आपल्या कानांचा नसावा, संगणकाचा असावा! बाजार या शंकेला दुजोरा देण्यास नेहमीच तत्पर असतो. दुकानात साउंड कार्डांचे आणि हेडफोन ॲम्प्लिफायरांचे चकचकीत खोके मांडलेले असतात आणि त्यांवर बत्तीस बिट, ३८४ किलोहर्ट्झ, सेव्हन पॉइंट वन असे भारदस्त आकडे छापलेले असतात. मग घरी वडिलांपुढे मागणी येते. वडिलांना त्यातले काही कळत नाही, मुलाला अर्धे कळते, आणि दुकानदाराला तर माल खपवायचाच असतो. पैसे मोजण्यापूर्वी ही पेटी नेमके कोणते काम करते आणि कोणते करीत नाही, एवढे तरी पाहून घेणे बरे.

साउंड कार्डाला जी प्रतिष्ठा आहे ती उगाच मिळालेली नाही. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल काँप्युटर बाजारात आला तेव्हा त्याच्यापाशी आवाज म्हणून होती ती एक लहानशी पिपाणी. १९८७ साली कॅनडातील ॲडलिब कंपनीने यामाहाच्या चिपवर आधारलेले कार्ड काढले आणि संगणक एकाच वेळी नऊ स्वर काढू लागला. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने, म्हणजे सिम वाँग हू यांच्या कंपनीने, साउंड ब्लास्टर आणले. त्यात ते नऊ स्वर होतेच. शिवाय ध्वनिमुद्रित केलेला खराखुरा आवाजही त्यातून निघत असे. बंदूक बंदुकीसारखी वाजू लागली. त्या काळी संगणकाच्या प्रोसेसरला चित्रे रंगवण्याचेच काम झेपत नसे. आवाजाचे गणित करणारे वेगळे कार्ड ही तेव्हा खरोखरीची गरज होती.

याच गरजेतून १९९०-२००० या दशकाच्या अखेरीस ऑरिअल या अमेरिकन कंपनीचे ए-थ्री-डी तंत्र पुढे आले. आवाज भिंतीवर आपटून कसा परततो याचाही हिशोब तिचे १९९८ सालचे कार्ड करीत असे, आणि त्या वर्षीच्या हाफ-लाइफ या खेळाने त्याचा उपयोग करून घेतला. क्रिएटिव्हने पेटंटचा दावा लावला. १९९९ साली निकाल ऑरिअलच्या बाजूने लागला. परंतु तोवर खर्चाने कंपनी पोखरून गेली होती. २००० साली तिचे दिवाळे वाजले आणि तिची मालमत्ता प्रतिपक्षानेच विकत घेतली. कोर्टात जिंकणारा घरी जाऊन रडतो असे आपल्याकडे म्हणतात, ते काही केवळ जमिनीच्या खटल्यांपुरते खरे नाही. पुढे २००७ साली विंडोज व्हिस्टा आले आणि त्याने ध्वनीचे गणित कार्डाकडे सोपवण्याची जुनी वाटच बंद केली. तेव्हापासून हे काम मुख्य प्रोसेसर करतो, आणि आजच्या प्रोसेसरला त्याचा भार जाणवतही नाही. जी वस्तू एके काळी गणित करण्यासाठी घ्यावी लागे, तिचे गणित काढून घेतले गेले. नाव मात्र तसेच राहिले.

मग पावलाची दिशा ठरवतो कोण? या प्रश्नाचा एक भाग लॉर्ड रॅले यांनी १९०७ सालीच उकलून ठेवला आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्यात किंचित नंतर. आवाज अगदी बाजूने आला तरी हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन-तृतीयांशाहून फारसे अधिक नसते. तेवढ्यावर मेंदू दिशा सांगतो. उंच पट्टीच्या आवाजांत डोक्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज मंद ऐकू येतो. समोर की मागे, वर की खाली, हे मात्र एवढ्याने कळत नाही. तिथे कानाच्या पाळीच्या वळ्या उपयोगी पडतात. दिशा बदलली की त्या आवाजाचा पोत बदलून टाकतात. १९९४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत केमार नावाच्या कृत्रिम मस्तकाच्या कानांत मायक्रोफोन ठेवून असे फरक मोजण्यात आले. आजचे खेळ अशाच मोजमापांच्या आधारे दोन कानांसाठी दोन वेगळे आवाज तयार करतात. विंडोजमध्येही २०१७ पासून विंडोज सॉनिक नावाची अशीच सोय आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. दिशा खेळाच्या प्रोग्रॅममध्ये घडते; पेटी ती फक्त कानापर्यंत पोचवते. दोन कानांतील तो सूक्ष्म फरक शाबूत ठेवणे स्वस्तातल्या स्वस्त यंत्रालाही सहज जमते. उलट, खेळाने एकदा दिशा घडवल्यावर त्यावर हेडफोनचा सेव्हन पॉइंट वन किंवा विंडोजची सोय पुन्हा चढवली, तर दोन चाळण्यांतून गेलेला आवाज गोंधळतो आणि समोरचा शत्रू पाठीमागे वाटू लागतो. तेव्हा दोहोंपैकी एकच चालू ठेवावे. कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे. कारण ज्याच्या कानाची ठेवण त्या कृत्रिम मस्तकाशी जुळत नाही, त्याला एका पद्धतीत दिशा चुकते आणि दुसरीत बिनचूक कळते. हा प्रयोग करायला एक पैसाही लागत नाही. बहुतेकांची तक्रार इथेच संपते.

खोक्यावरच्या आकड्यांचेही असेच. सोळा बिटांच्या ध्वनीत सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, आणि त्यावर ९६ चढवले तर कान दुखू लागतील. माणसाच्या कानाची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झ. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले की ती पुरी होते, आणि खेळांचा ध्वनी बहुधा तेवढ्याच नमुन्यांचा असतो. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार नमुने कानाला नव्हे, खोक्यालाच शोभतात.

तथापि मदरबोर्डवरच्या ध्वनिव्यवस्थेत काही खरे दोष असू शकतात, आणि त्यांवर पेटी हाच उपाय ठरतो. पहिला दोष खरखरीचा. हेडफोन लावून, काहीही न वाजवता, माउस हलवून पाहावा. माउसबरोबर बारीक किरकिर ऐकू आली, किंवा ग्राफिक्स कार्डावर ताण पडताच ती वाढली, तर संगणकातील वीज आवाजात झिरपते आहे असे समजावे. तरीही लगेच बाजार गाठू नये. हेडफोनची पिन कॅबिनेटच्या पुढच्या भोकातून काढून मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या भोकात लावावी. पुढच्या भोकाकडे जाणारी तार साऱ्या कॅबिनेटमधून वळसे घेत येते आणि वाटेत नको ते सारे गोळा करते. मागेही किरकिर राहिलीच, तर यूएसबीवर चालणारी बाहेरची पेटी घ्यावी. कॅबिनेटच्या आत बसवायचे कार्ड शेवटी ग्राफिक्स कार्डाच्याच शेजारी जाऊन बसते, हे ध्यानात ठेवावे. मात्र थेट विजेच्या प्लगवर चालणारा ॲम्प्लिफायर जोडल्यानंतर पन्नास हर्ट्झची जाडी गुणगुण सुरू झाली, तर संशय आधी घरातील अर्थिंगवर घ्यावा. जुन्या घरांतून सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याच्या मागे तार असतेच असे नाही.

दुसरा दोष शक्तीचा. अडीचशे ओहमचा हेडफोन चालवायला ॲम्प्लिफायर पाहिजेच असा एक समज रूढ आहे. हिशोब करून पाहावा. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हा २५० ओहमचा हेडफोन एका मिलिवॉटला ९६ डेसिबल आवाज देतो. तो मिलिवॉट मिळवायला अर्धा व्होल्ट पुरतो. व्होल्ट दुप्पट केले की ६ डेसिबल वाढतात. म्हणजे एका व्होल्टला १०२. एवढे देणारे मदरबोर्ड आज दुर्मिळ नाहीत. याउलट हायफायमॅनचा एचई-६ पाहावा. ओहम अवघे ५०, पण मिलिवॉटला आवाज ८३.५ डेसिबल. १०५ पर्यंत जायचे तर त्याला सुमारे १४० मिलिवॉट लागतात, पावणेतीन व्होल्टच्या जवळपास आणि पन्नासहून अधिक मिलिअँपिअर. इथे मात्र ॲम्प्लिफायरशिवाय गत्यंतर नाही. केवळ ओहम पाहून निर्णय घेणारा फसतो, तो असा. साधी कसोटी ही की, आवाजाची पट्टी साठ-सत्तरावर असतानाच ऐकणे नकोसे होत असेल, तर शक्ती पुरेशी आहे.

तिसरा दोष थोड्यांनाच भेडसावतो. काही संगणकांच्या भोकाचा स्वतःचाच रोध बराच असतो, आणि सोळा ओहमचे बारीक इअरफोन त्याला जोडले की काही स्वर दबतात, काही उठतात. यावर महागड्या पेटीची गरज नाही. फोनसाठी मिळणारी बोटभर लांबीची चांगली यूएसबी तारही हे काम चोख करते.

आता ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही ते. खेळाडू ॲम्प्लिफायर मागतो तो पाऊल ऐकू यावे म्हणून. पण आवाज वाढवला की पावलाबरोबर बंदूकही वाढते. पाऊल अगदी मंद आणि गोळी कितीतरी मोठी. पाऊल स्पष्ट व्हावे एवढा आवाज उचलला की प्रत्येक गोळी कानशिलात बसते, आणि हे रोज तीनचार तास चालते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मानकात प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, तेही आठवड्याला ४० तासांपर्यंत, अशी मर्यादा आहे. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. प्रौढाला ८३ वर वीस तास, ८६ वर दहा, ८९ वर पाच. शाळकरी मुलाला याहूनही कमी. आतल्या कानातील केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खेळ आटोपल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल, किंवा आईची हाक थोडा वेळ कापसातून आल्यासारखी वाटत असेल, तर त्या घरात ॲम्प्लिफायर आणण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवावा.

पाऊल वर आणण्याचा मार्ग निराळाच आहे. मोठे आवाज दाबून मंद आवाज उचलणारी सोय पुष्कळ खेळांच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये, ‘नाइट मोड’सारख्या नावाखाली असते, ती लावली की एकंदर आवाज कमी करूनही पाऊल ऐकू येते. इक्वलायझर एपीओ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने स्फोटांची खालची घरघर उतरवता येते. महाग कार्डांवर ‘पावले ऐकवणारे’ म्हणून जे बटण असते, तेही बहुतांशी याच जातीचे काम करते.

एवढे करूनही पेटी घ्यायचीच ठरली, तर मायक्रोफोनची बाजू तपासून घ्यावी; सवंगड्यांशी बोलत खेळणाऱ्याला आपला आवाज कसा जातो हे स्वतःला ऐकू येत नाही, आणि मदरबोर्डची खरखर पुष्कळदा तिथेच अधिक असते. ब्लूटूथच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यात आवाज बऱ्याचदा शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो, आणि साठ चित्रांच्या वेगाने चालणाऱ्या खेळात तेवढ्या वेळात सहा ते बारा चित्रे निघून गेलेली असतात. बाहेरची यूएसबी पेटी जुना संगणक विकल्यावर नव्याला लावता येते आणि लॅपटॉपलाही चालते. घेताना दुकानदाराकडून आठवड्याच्या आत परत करण्याची मुभा मागून घ्यावी, आणि घरी आणल्यावर हेडफोन एकदा पेटीला, एकदा मदरबोर्डला लावून, आवाज दोन्हीकडे सारखा ठेवून, कोणती तार कुठे आहे हे धाकट्या भावंडाला गुपचूप बदलायला सांगावे.