नाकाचा वैद्य : डॉक्टर जोसेफ

मराठी भाषेनें माणसाची अब्रू नाकावर ठेवलेली आहे. कुळाला कमीपणा आला कीं नाक कापलें जातें, मान राहिला कीं नाक वर राहतें, आणि शरण आलेला मनुष्य नाक घांसतो. पूर्वीं हा नुसता वाक्प्रचार नव्हता. टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत, १७९२ सालीं, इंग्रजी फौजेचा कावसजी नांवाचा गाडीवान पकडला गेला. त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. पुढें सुमारें वर्षभरानें, पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातींतील एका जाणत्या इसमानें त्याला नवें नाक करून दिलें. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून त्यानें तो कपाळावर पसरला, त्याच्या कडेनें कातडें सोडविलें, आणि तें खालीं वळवून नाकाच्या जागीं बसविलें. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें ऑक्टोबर १७९४ मध्यें ही हकीकत छापून आली. पुढें १८१४ सालीं कार्प्यू ह्या शस्त्रवैद्यानें लंडनांत हाच प्रयोग केला, आणि १८१८ सालीं बर्लिनच्या ग्रेफे ह्यांनीं ह्या विद्येवर ग्रंथ लिहिला.

त्याच बर्लिन शहरांत त्या शतकाच्या अखेरीस एक निराळाच प्रश्न उभा राहिला. कावसजीचें नाक गेलेलें होतें. तें पुन्हां करून देणें हें वैद्याचें काम, ह्याविषयीं वाद नव्हता. परंतु ज्याचें नाक शाबूत आहे, श्वास नीट चालतो, आणि केवळ आकारामुळें ज्याला लोकांत वावरण्याची लाज वाटते, त्याच्या नाकाला वैद्यानें सुरी लावावी काय?

ह्या प्रश्नाला होय असें उत्तर देणाऱ्यांत डॉक्टर झाक जोसेफ हे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८६५ सालीं कोनिग्सबर्ग येथें एका ज्यू धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. बर्लिनच्या अस्थिरोग रुग्णालयांत ते प्रोफेसर वोल्फ ह्यांचे साहाय्यक होते. १८९६ सालीं एक आई आपल्या मुलाला त्यांच्याकडे घेऊन आली. मुलाचे कान फार मोठे व पुढें आलेले होते. सोबती चिडवीत म्हणून तो शाळेंत जाईना. जोसेफ ह्यांनीं कान लहान करून दिले. मूल सुखी झालें. परंतु जोसेफ ह्यांची नोकरी गेली, कारण निव्वळ रूपासाठीं शस्त्र चालविणें वरिष्ठांस मान्य नव्हतें.

दोन वर्षांनीं अठ्ठावीस वर्षांचा एक गृहस्थ आला. जाईल तेथें लोक आपल्या नाकाकडे टक लावून पाहतात, अशी त्याची व्यथा होती. जोसेफ ह्यांनीं नाक लहान केलें आणि १८९८ च्या मे महिन्यांत बर्लिनच्या वैद्यसभेपुढें तो वृत्तांत मांडला. त्यांनीं विशेष भर दिला तो ह्या गोष्टीवर कीं, त्या माणसाची उदासी पार गेली असून कोणाचें लक्ष न वेधतां फिरतां येतें ह्याचाच त्याला आनंद आहे. त्यांच्या सर्व कलेचें मर्म ह्यांत आहे. त्यांचे रोगी ‘वाहवा’ मागण्यासाठीं येत नव्हते. चारचौघांत मिसळून जातां यावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें.

मग असें नाक केल्याची खूण राहून कसें चालेल? पहिल्या शस्त्रक्रियेंत छेद बाहेरून घेतल्यामुळें नाकावर व्रण राहिला होता. अमेरिकेंत रो नांवाच्या वैद्यानें १८८७ सालींच नाकाच्या आंतून छेद घेण्याची रीत प्रसिद्ध केली होती. जोसेफ ह्यांनींही १९०४ सालीं आपली आंतून करावयाची पद्धति मांडली. नाकपुडीच्या आंत छेद घ्यावयाचा, कातडें हाडावरून अलगद सोडवावयाचें, आणि बारीक करवतीनें उंचवटा उतरवावयाचा. परंतु उंचवटा काढला कीं माथा सपाट व उघडा राहतो. म्हणून दोन्ही बाजूंचीं हाडें मुळाशीं सोडवून एकमेकांकडे सरकवावीं लागतात, तेव्हां कोठें नाकाला पुन्हां कणा येतो. वरचें कातडें हळूहळू त्या नव्या सांच्यावर बसतें. सूज पुरती उतरण्यास महिनेच्या महिने लागतात. नाक एकटें सुंदर असून भागत नाहीं. कपाळ, ओंठ व हनुवटी ह्यांच्याशीं त्याचा मेळ पाहिजे. म्हणून जोसेफ बाजूनें दिसणाऱ्या चेहऱ्याचा कोन मोजीत. एक विलक्षण योग असा कीं, इतरांचे व्रण लपविणाऱ्या ह्या वैद्याच्या स्वतःच्या गालावर विद्यार्थिदशेंतील तलवारीच्या द्वंद्वाचे वण होते. त्या काळीं जर्मनींत ते भूषण समजले जात. कोणता व्रण मिरवावा आणि कोणतें नाक लपवावें, हें समाज ठरवितो.

पहिल्या महायुद्धानें हीच विद्या सैनिकांच्या कामीं आणली. तोफगोळ्यांनीं चेहरे उद्ध्वस्त झालेल्यांसाठीं १९१६ सालीं बर्लिनच्या शारिते रुग्णालयांत विभाग निघाला व तो जोसेफ ह्यांच्याकडे आला. ज्या हातावर चैनीचा आरोप होता, त्याच हातानें माणसांना त्यांचीं तोंडें परत दिलीं.

तरीही ह्या विद्येला सीमा होती. त्यांच्याकडे येणाऱ्यांत ज्यू समाजाचे पुष्कळ लोक असत. नाकावरून ओळखले जाऊन हिणविले जाऊं नये, अशी त्यांची इच्छा असे. १९३३ सालीं नाझी सत्तेवर आले. त्यांच्या कायद्यानें नाक पाहिलें नाहीं. आजाआजीच्या धर्माची नोंद पाहिली. ती नोंद कोणत्या सुरीनें बदलणार? १२ फेब्रुवारी १९३४ रोजीं जोसेफ वारले.

त्यांचीं कांहीं हत्यारें आजही त्यांच्या नांवानें ओळखलीं जातात. पुढच्या शस्त्रवैद्यांनीं अनुभवानें त्यांत एक शहाणपण मिळविलें : हाड व कूर्चा फार काढल्यास नाक कालांतरानें खचतें व श्वास अडतो, म्हणून काढावें थोडें आणि राखावें अधिक. आज ह्या शस्त्रक्रियेसाठीं जाणाऱ्यानें काय काढणार, श्वास शाबूत राहील काय, हें वैद्याला अवश्य विचारावें. परंतु आपल्याला सलतें तें आपलें नाक, कीं लोकांची नजर, हा प्रश्न त्यानें त्याआधीं स्वतःला विचारावा. नाकावर वैद्याचा उपाय चालतो. नजर सुधारण्याचें काम मात्र आपणां सर्वांकडे आहे.