षष्ठी, सातबारा आणि ज्ञानजाल

शाळेंत शब्दाचें व्याकरण चालविण्याचा ज्यांना कंटाळा येत असे, त्यांना तेंच काम आज गणकयंत्रें करूं लागलीं आहेत हें ऐकून मौज वाटेल. कागदपत्रांतील वाक्यें वाचावयाचीं, त्यांतील माहिती वेगळी काढावयाची आणि तिच्यावरून अनुमान करावयाचें, असा हा उद्योग आहे. व्याकरण, ज्ञानजाल आणि तर्कशास्त्र हीं त्याचीं तीन अंगें होत. पहिल्या अंगांत झालेली चूक शेवटपर्यंत कशी पोहोंचते, हें जमिनीच्या व्यवहारांत चांगलें दिसून येतें.

‘रामानें शामाला शेत दिलें’ हें वाक्य घ्यावें. राम देणारा, शाम घेणारा आणि शेत ही दिलेली वस्तु. पाणिनीच्या परिभाषेंत कर्ता, संप्रदान आणि कर्म. शब्दांचा क्रम बदलला तरी अर्थ ढळत नाहीं, कारण भार प्रत्ययांवर आहे. आतां ‘रामाला शेत विकावें लागलें’ हें वाक्य पाहावें. येथेंही ‘ला’ हाच प्रत्यय आहे. पण राम घेणारा नव्हे, विकणारा आहे. केवळ प्रत्ययावर विसंबणारें यंत्र जमीन गमावलेल्या माणसालाच तिचा खरेदीदार ठरवील. विभक्ति हें शब्दाचें रूप, तर कारक हें क्रियेशीं असलेलें त्याचें नातें. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं.

षष्ठी तर याहूनही फसवी. ‘रामाची जमीन’ म्हणजे रामाच्या मालकीची, राम कसतो ती, कीं पूर्वीं त्याची असून आतां दुसऱ्याकडे गेलेली? कांहीं तरी संबंध आहे, एवढेंच ‘ची’ हा प्रत्यय सांगतो. पाणिनीच्या सहा कारकांत षष्ठीचें असें स्वतंत्र कारक नाहीं, याचें मर्म येथें कळतें.

ज्ञानजालांत अशी संदिग्धता चालत नाहीं. ‘नॉलेज ग्राफ’ या इंग्रजी नांवाचा प्रसार गूगलनें २०१२ सालीं तें वापरल्यावर झाला. त्यांत माणूस, शेत, गांव हे बिंदु असतात आणि त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक रेषेला दिशा व नांव असतें. ‘मालक’ ही एक रेषा, ‘कसणारा’ ही दुसरी. तलाठ्याच्या दफ्तरानें हा विवेक फार पूर्वींच केलेला आहे. गांव नमुना सात हा हक्कांचा, बारा हा पिकांचा आणि सहा हा फेरफारांचा. सात आणि बारा मिळून सातबारा. त्याच्या जोडीला फेरफाराची नोंदवही, म्हणजे हक्क केव्हां व कसा बदलला याची साक्ष.

या बारकाव्यांचें महत्त्व शहादा तालुक्यानें अनुभवलें आहे. तेथें १९७० नंतर अंबरसिंग महाराजांनीं आणि १९७२ सालीं स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेनें आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढें महाराष्ट्रांत १९७४ चा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन कांहीं अटींवर मूळ मालकास परत द्यावी, अशी तरतूद त्यांत आहे.

तर्कशास्त्राच्या दृष्टीनें हें एक ‘जर–तर’ विधान आहे. जुनें तर्कशास्त्र विधानाचे उद्देश्य आणि विधेय असे दोनच भाग करी. जर्मन गणिती गोटलोब फ्रेगे यानें १८७९ सालीं विधानाकडे रिकाम्या जागांची चौकट म्हणून पाहण्याची रीत घातली. येथील चौकटींत देणारा, घेणारा, जमीन आणि तारीख अशा चार जागा आहेत. चारही जागा बरोबर भरल्या, तरच निष्कर्ष बरोबर. देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली, तर कायदा ज्याच्यासाठीं केला त्यालाच तो लागू होत नाहीं, असें यंत्र निःशंकपणें सांगेल. आणि त्याच्या अनुमानांत तर्काचा एकही दोष सांपडणार नाहीं.

काळाची रेषाही विसरून चालत नाहीं. ‘शहादा धुळे जिल्ह्यांत आहे’ हें वाक्य ३० जून १९९८ पर्यंत खरें होतें. दुसऱ्याच दिवशीं नंदुरबार जिल्हा अस्तित्वांत आला. जुना कागद खोटा नव्हे आणि नवाही खोटा नव्हे. पण तारीख न लावतां दोन्ही एका जालांत गुंफले, तर तालुका एकाच वेळीं दोन जिल्ह्यांत जाऊन बसतो.

तर्क हा दिलेल्या विधानांशीं प्रामाणिक असतो. तीं विधानें खरीं आहेत कीं नाहींत हें तो विचारीत नाहीं. तो प्रश्न वाक्य वाचणाऱ्यानें आधींच विचारावयाचा असतो. कोणी दिलें, कोणाला दिलें, काय दिलें आणि केव्हां दिलें, हे शाळेंतले साधे प्रश्न म्हणूनच यंत्रयुगांतही सुटलेले नाहींत.