किती दिवस तग धरू?



आपले तळेगाव नागपूर-अमरावती रस्त्यावर वसले आहे. या रस्त्यावरील मालमोटारी डिझेलवर चालतात, आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले खरे, पण आपली गरज त्याहून पुष्कळ मोठी निघाली. हा पुरवठा अडला तर आपले किती अडेल, हे मोजायचे कसे?

आम्ही शाळेत थोडे आणि संघटनेत पुष्कळ शिकलो. संपाची नोटीस देण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी विचारतो : घरात दाणे किती दिवसांचे, उधार देणारी दुकाने किती, आणि गाठीला पैसा किती? देशाचेही तसेच आहे.

पहिले माप साठ्याचे. विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथील भूमिगत कोठारांत ५३ लाख टन तेल मावते. ती भरलेली असली तर सुमारे साडेनऊ दिवस निघतात. तेलकंपन्यांचा साठा निराळा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या आयातदार सभासद देशांकडून ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा मागते.

दुसरे माप दुकानांचे. अर्थशास्त्रज्ञ प्रत्येक विक्रेत्या देशाच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज घेतात. सारे तेल एकाकडून घेतले तर १०,०००; चौघांकडून सारखे घेतले तर २,५००. आकडा लहान, तर धोका कमी. पण चौघांचीही जहाजे होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच येत असतील, तर दुकाने चार आणि वाट एक, हे तो आकडा सांगत नाही.

तिसरे माप पैशाचे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि तेल भडकले. आपली गंगाजळी आधीच आटत होती. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. विकणारे होते, आपल्या गाठीला परकीय चलन नव्हते.

ही तिन्ही मापे हवीतच. परंतु ती देशाची सरासरी सांगतात, आणि सरासरीला भूक लागत नाही. डिझेल महागले की ज्याला महागाई भत्ता आहे त्याला थोडा आधार मिळतो. हमालाला, शेतमजुराला तोही नाही. म्हणून आम्ही चौथे माप मागतो : भाव चढल्यावर मजुरी किती दिवसांनी चढते? देशाचे दिवस मोजताना हेही दिवस मोजा, एवढेच आमचे सांगणे आहे.