चिलटाचें वैद्यकावरील ऋण

पिकल्या केळ्यांभोंवतीं घोंघावणारीं लाल डोळ्यांचीं बारीक चिलटें श्रोत्यांनीं पाहिलींच असतील. सडक्या फळांवर जंतूंची केवढी दाटी असते! तेथेंच चिलटांचा जन्म आणि तेथेंच त्यांचें पोषण. तरीहि त्यांचा वंश बुडत नाहीं. एकदां होऊन गेलेल्या रोगाची ओळख ठेवणारी आणि लसीला गुणकारी करणारी जी यंत्रणा मनुष्याच्या रक्तांत असते, ती तर चिलटाजवळ मुळींच नाहीं. मग त्याचें रक्षण कोण करतें?

या कोड्याचा उलगडा फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथें झ्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेंत झाला. प्रयोगाची रीत साधी आहे. चिलटाला वायूनें बेशुद्ध करावयाचें, जंतूंच्या द्रवांत बुडविलेली बारीक सुई त्याच्या छातींत टोंचावयाची, आणि किती चिलटें किती काळ जगतात तें मोजावयाचें. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होत असल्यामुळें एखादें विवक्षित जनुक बिघडलेलीं चिलटें हवीं तितकीं वाढवितां येतात. निरोगी चिलटाला जंतु टोंचले कीं, त्याच्या शरीरांतील मेदपेशी कांहीं तासांतच जंतुनाशक द्रव्यें रक्तांत सोडूं लागतात. मात्र हीं द्रव्यें सोडण्याची आज्ञा एकच नाहीं. १९९५ सालीं ब्रूनो लेमेत्र व त्यांचे सहकारी यांना ‘आयएमडी’ हें जनुक सांपडलें; तें बिघडलेलीं चिलटें कित्येक जंतूंपुढें टिकाव धरीत नाहींत. १९९६ सालीं त्यांनींच दाखविलें कीं, ‘टोल’ नांवाचें जनुक बिघडलें तर तीं बुरशीला बळी पडतात.

अमेरिकेंत ब्रूस बॉयटलर हे त्या वेळीं उंदरांवर संशोधन करीत होते. जंतूंच्या आवरणांतील विषाची बाधा न होणाऱ्या कांहीं उंदरांत कोणतें जनुक बिघडलें आहे, याचा त्यांनीं शोध घेतला. १९९८ सालीं तें सांपडलें, तें ‘टोल’चेंच भावंड निघालें! मनुष्यांतहि तें आहे. चिलट आणि मनुष्य यांचे पूर्वज पन्नास कोटि वर्षांपूर्वींच वेगळे झाले. तरी धोक्याची ही घंटा दोघांनींहि जतन केली आहे.

परंतु ही घंटा दुधारी आहे. ती अनावर वाजली म्हणजे शरीराचा प्रतिकारच शरीरावर उलटतो. डॉक्टर ज्याला सेप्सिस म्हणतात, त्या घातक अवस्थेंत असेंच घडतें. म्हणून ती अजीबात बंद करावी, तर तेंहि साधत नाहीं: विषानें न मरणारे तेच उंदीर टायफॉइडसारख्या जिवंत जंतूंना सहज बळी पडतात. घंटा वाजूं द्यावी, पण आंवरावी कशी, हा आजच्या वैद्यकापुढील प्रश्न आहे. हॉफमन व बॉयटलर यांना राल्फ स्टाइनमन यांच्यासमवेत २०११ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. केळ्यांवरचें चिलट हातानें वारतांना एवढें स्मरण ठेवण्यास हरकत नाहीं.